सीटवरचं मडकं

मडकं घेऊन वर्कशॉपमध्ये आलेलं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. ती सगुणा शेलार. होळी तोंडावर आली होती. पाटणच्या रस्त्याला, जिथे पठाराकडे जाणारा चढ सुरू होतो, तिथे माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मी एका गेटला रंगाचा हात मारत होतो, तेवढ्यात दारात जुना निळा ट्रॅक्टर येऊन थांबला. चालवणारी बाई आहे हे बघून शेजारच्या टपरीवरचे चौघे चहा हातात घेऊनच बाहेर आले. सगुणानं त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिनं इंजिन बंद केलं, सीटशेजारून फडक्यात बांधलेलं मडकं काढलं, बगलेत कागदाची गुंडाळी धरली आणि खाली उतरली.

ट्रॅक्टर मी लांबूनच ओळखला होता. दोन वर्षांपूर्वी सगुणाचा नवरा, उत्तम, पठाराच्या वाटेवर ह्याच ट्रॅक्टरखाली सापडून गेला. बांधावरून चाक घसरलं आणि ट्रॅक्टर आडवा झाला. तेव्हापासून तो शेडमध्ये ताडपत्रीखाली होता. पुढे सगुणानंच ताडपत्री काढली आणि घरापुढच्या सपाट वावरात एकटीनं तो चालवायला शिकली, हे कानावर आलं होतं. लोक आधी हसले. मग हसून कंटाळले.

"मिस्त्री, ह्येला कमान बसवायची हाय," ती म्हणाली.

"हूड म्हणा की."

"हूड न्हवं. हूड सावलीसाठी असतंय."

मला ते चांगलंच लागलं. आमच्या भागातली निम्मी हूडं माझ्या हातची. पण मी काही बोलायच्या आत तिनं रंगाच्या डब्यांवर कागद पसरला. शेतीची यंत्रं शिकवणाऱ्या कुठल्याशा कॉलेजात ती स्वतः जाऊन आली होती. तिथल्या एका सरांनी ह्या ट्रॅक्टरची मापं मागवून घेऊन तिला आकृती काढून दिली होती. सीटच्या मागे दोन जाडजूड खांब, वरून जोडलेले. खांबांचे पाय मागच्या दोन चाकांमधल्या ओतीव लोखंडाच्या भागावर, ज्याला आम्ही हौसिंग म्हणतो, तिथे बोल्टनं आवळलेले. आणि चालवणाऱ्याच्या कमरेला पट्टा. ट्रॅक्टर उलटला तर वजन कमान घेणार आणि पट्ट्यानं बांधलेला माणूस कमानीच्या आडोशाला राहणार, असा सगळा हिशेब.

तिच्यापुढचा पेच तिनं दोन वाक्यांत सांगितला. शेलारांची पाच एकर जमीन वर पठारावर. चढ वाईट, म्हणून भाड्याचा ट्रॅक्टर कुणी वर घालत नाही. दोन वर्षं रान पडीक होतं. आमच्याकडे शेतीचे करार पाडव्याला होतात. ह्या पाडव्याला तिच्या सासूबाई, हौसाबाई, ते रान भावकीला वाट्यानं देणार होत्या आणि ट्रॅक्टर भंगारात घालणार होत्या. एकदा वाट्यानं गेलेलं रान परत हातात येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. दोन पोरी शाळेत जाणाऱ्या. ते रान हातचं गेलं तर सगुणा कायमची दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला.

"आत्याबाई म्हणत्यात, कमान करून आण. मग बघू."

"आणि मडकं?"

"ती त्यांचीच अट. सीटवर मडकं ठिवायचं आन कमान वढून बघायची. मडकं ऱ्हायलं तर माणूस ऱ्हाईल."

टपरीवरचे हसले. मीही हसलो, पण माझं हसू काही खरं नव्हतं. आठ दिवसांनी या म्हणालो आणि तिला चार किलोमीटर चालत घरी जाऊ दिलं. पोचवतो म्हणायची बुद्धी झाली नाही.

आता माझ्याविषयी थोडं सांगितलंच पाहिजे. मी पहिल्यापासून तापट. बाप लोहारकाम करायचा, त्याचा हात माझ्यात आला आणि रागही आला. दिनकर लोहाराचा जोड सुटला असं दाखवून द्या आणि माझ्या अर्ध्या मिशा काढा, असं मी चारचौघांत म्हणायचो. त्या सरांच्या कागदावर जागोजागी सूचना होत्या. अमुक जाडीचाच पाईप घ्या, बोल्ट अमुकच ताकदीचे हवेत, हौसिंगला वेल्डिंग अजिबात करू नका, ओतीव लोखंड तडकतं. वाचून माझं डोकं फिरलं. ज्याच्या हाताला कधी चटका बसला नाही त्यानं मला वेल्डिंग शिकवायचं? आणि हौसिंगपर्यंत पोचायचं म्हणजे दोन्ही मडगार्ड उतरवा, वीस वर्षांचं वंगण आणि चिखल खरवडा. नसती उठाठेव कशाला करायची?

मी कागद गुंडाळून खिळ्यांच्या डब्यामागे ठेवला. पाण्याच्या टाकीच्या स्टँडमधून उरलेला पाईप घेतला, कमान वळवली आणि तिचे पाय सरळ मडगार्डवर आणि खालच्या पायठणीवर, म्हणजे पाय ठेवायच्या पत्र्यावर, चारी बाजूंनी वेल्ड केले. तीन दिवसांत काम फत्ते. रंगही दिला. हूडाला लावायची सवय, म्हणून वरच्या कोपऱ्यांवर पत्र्याची दोन फुलं बसवली.

आठव्या दिवशी सगुणा आली. कमानीभोवती एक फेरी मारली, फुलांवर बोट फिरवलं, मडगार्डपाशी वाकून बघितलं. मडकं सीटवर ठेवलं आणि दोरीनं बांधलं.

दुकानामागे चिंचेची दोन जुनी झाडं आहेत. ट्रॅक्टर मागून एका झाडाला साखळदंडानं जखडला. पुढच्या झाडाच्या बुंध्याला इंजिन उचलायची चेनपुली अडकवली आणि तिचा हूक कमानीच्या वरच्या कोपऱ्यात घातला. चेन मीच ओढणार होतो, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. टपरीवरचे आता सहा झाले होते.

पहिल्या दहा हातांत काहीच झालं नाही. मी सगुणाकडे बघून घेतलं. मग मडगार्डचा पत्रा कुरकुरला, भाजताना पापड मुडपतो तसा मुडपला आणि बुडापासून फाटला. माझी कमान, माझे सगळेच्या सगळे जोड शाबूत ठेवून, सावकाश पुढे वाकली आणि सीटवर बसली.

मडकं फुटण्याचा आवाज आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. टपरीवरचे सहाही जण खाली बघू लागले. सगुणा पुढे झाली आणि ओच्यात खापऱ्या गोळा करायला लागली. आणि मी काय करावं? मी तिच्यावरच ओरडलो. पत्रा जुनाट, ट्रॅक्टर भंगार, ह्यात माझा काय दोष, असलं बरंच काही बोललो. तिनं शेवटची खापरी उचलेपर्यंत ऐकून घेतलं.

"जोड सुटला न्हाई तुमचा," ती म्हणाली. "जागा चुकली." मग विचारलं, "कागद हाय का गेला?"

मी खिळ्यांच्या डब्यामागून कागद काढला. पाडव्याला नऊ दिवस होते.

त्या दुपारी मी सरांना फोन लावला. भांडायच्याच तयारीनं लावला होता, पण माणूस गोड निघाला. मी काय केलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, बरं झालं, झाडाला बांधूनच कळलं. वर आणखी एक गोष्ट सांगितली. ओढून बघितलेली कमान परत ट्रॅक्टरला लावायची नाही. ती एकदा ताण खाऊन बसलेली असते, दुसऱ्यांदा तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे एक मोडायला आणि एक बसवायला, असं मी विचारलं. ते हो म्हणाले.

आता शेलारांकडचे माघार घेतील अशी मला खात्री होती. सांगायला लाज वाटते, पण मनातून बरंही वाटत होतं. त्या ट्रॅक्टरला हात लावायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि त्याचं कारण मडगार्डचा पत्रा नव्हता. सगुणाला निरोप दिला, दोन कमानी कराव्या लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईंचा उलट निरोप आला. पहिली भाकरी गाईची असते, दुसरी माणसाची. दोन करा.

मग मात्र मी निमूट कामाला लागलो. दोन्ही मडगार्ड उतरवले. हौसिंगवरचा चिकटा खरवडता खरवडता एक दिवस गेला. कागदावर होता तोच पाईप कराडहून आणला, जाड पट्ट्या कापल्या, भोकं पाडली आणि पान्याला चार फुटी नळी लावून बोल्ट आवळले. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या मापानं काम करायची ती पहिलीच वेळ. सगुणा रोज येऊन माझ्या मापावर स्वतःची टेप लावायची. पहिल्या दिवशी मला राग आला. तिसऱ्या दिवशी टेपचं दुसरं टोक मीच धरलं. फुलं लावली नाहीत.

पाडव्याच्या दोन दिवस आधी सकाळी हौसाबाई आल्या. चढ-उताराची वाट चालत, डोक्यावर नवं मडकं घेऊन. अंगानं काडी, पण ताठ. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. कमान कशी आवळली हे त्यांनी सगुणाकडून समजून घेतलं, प्रत्येक बोल्टला हात लावला. मग मडकं स्वतः सीटवर ठेवलं आणि नव्या पट्ट्यानं घट्ट बांधलं.

मी चेन ओढायला सुरुवात केली. मागचा साखळदंड ताणला, चिंचेची साल सोलपटून निघाली. ट्रॅक्टर जागच्या जागी कण्हायला लागला. मी चेनला अक्षरशः लोंबकळत होतो. कमान चार बोटं वाकली आणि तिथेच थांबली. आणखी ओढलं तर पुलीचा हूक सरळ व्हायला लागला, म्हणून मी हात सोडले. मडकं जसंच्या तसं होतं. सगुणा मटकन खाली मातीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. टपरीवरचा एक जण तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

हौसाबाई मात्र अजून पट्ट्याकडेच बघत होत्या.

"कमान ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पन ह्यो पट्टा? दावनीला जनावर बांधल्यागत बांधून घ्यायचं. मग उडी कशी मारायची?"

सगुणानं डोळे पुसले. उत्तर तिला पाठ होतं, सरांनी सांगितलेलं. पण ते ह्या बाईला कसं सांगायचं? आमच्याकडे ट्रॅक्टर शिकवताना पहिल्या दिवशी हेच सांगतात की कलंडला तर उडी मार. माझ्या बापानं मला सांगितलं, मी कितीजणांना सांगितलं. आणि सगळा गाव दोन वर्षं म्हणत होता, उत्तमनं उडी मारायला उशीर केला. पोरगं गाफील राहिलं. मयताच्या दिवशीही हेच बोलणं होतं आणि वर्षश्राद्धालाही.

आता बोलायचं माझ्यावर आलं. हात चेनच्या ग्रीसनं काळे झाले होते, ते मी पँटला पुसत राहिलो.

"उडी मारायची न्हाई, मावशी. ट्रॅक्टर ज्या अंगाला पडतोय, मानूस त्याच अंगाला उडी मारतोय. त्याच्या वाटंतच जाऊन पडतोय."

"उत्तमनं उशीर केला, म्हनत्यात."

"त्यानं उशीर केला न्हाई," मी म्हणालो. "त्यानं येळेत उडी मारली व्हती. हूडाच्या खांबात त्येचा पाय अडाकला. त्यो खांब मी बसवल्याला."

सांगून टाकलं. दोन वर्षं ते माझ्या छातीवर बसलं होतं. उत्तमनं दसऱ्याला माझ्याकडून हूड करून घेतलं होतं. चार खांबांचं, गाण्याचा टेप ठेवायला फळी असलेलं. फळी बसावी म्हणून पुढचा खांब मी सीटच्या फार जवळ घेतला. चढता-उतरताना पाय घासायचा, त्यानं मला दाखवलंही होतं, आणि मी म्हणालो होतो, होईल सवय. अपघाताच्या दिवशी लोखंड कापायला गॅस कटर घेऊन मलाच बोलावलं. माझ्याच हातचं हूड मी कापलं. खांब कापताना खाली त्याचा पाय कसा अडकला होता ते फक्त मला दिसलं. बाकीचे वर ट्रॅक्टर धरून होते. लोक म्हणाले, उशीर केला. मी म्हणू दिलं. मेलेला माणूस काही सांगायला येत नाही, म्हणून त्याच्या माथी मारलं आणि गप्प बसलो.

सगुणा माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता ती मला काय म्हणेल ते मी ऐकून घेणार होतो. पण बोलल्या त्या हौसाबाई.

"ठावं हाय मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पायावर वळ व्हता. खांबाएवढा. आईला दिसत न्हाई व्हय? तुझं त्वांड बी त्या दिशी दिसलं."

"मग हिला माझ्याकडं कशाला येऊ दिलंसा?"

"येऊ दिली न्हाई. मीच धाडली." त्यांनी सीटवरच्या मडक्यावर हात ठेवला. "दुसऱ्या मिस्त्रीला निस्ता ट्रॅक्टर दिसला असता, दिनकरा. तुला माजा पोरगा दिसंल, म्हनून."

त्या पहिल्या कमानीवर मी फुलं लावली होती, ती माझ्या डोळ्यांपुढे आली.

"पयल्या येळंला न्हाई दिसला, मावशी," मी म्हणालो.

"दुसऱ्या येळंला दिसला न्हवं? मग झालं."

सगुणा उठली. पट्टा सोडवला आणि मडकं सासूच्या हातात दिलं. जाताना म्हणाली, दुसरी कमान बसवताना मी येईन, बोल्ट मीच आवळणार. आली आणि तिनंच आवळले. फाटलेला मडगार्ड सांधून मी दोन्ही परत बसवले. दोन दिवस आमच्यात कामापलीकडे एक शब्द झाला नाही. शेवटचा बोल्ट झाल्यावर तिनं मला पान्याबरोबर पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पाडव्याला सकाळी मी त्यांच्या दारात गेलो. बोल्ट एकदा पुन्हा बघावेत असं सरांनी सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला राहवलंही नाही. गुढी उभी होती. ट्रॅक्टरला मागे नांगर जोडलेला होता, कमानीला आंब्याचा डहाळा बांधला होता. भावकीतले दोघं कराराच्या आशेनं ओट्यावर बसले होते. हौसाबाईंनी त्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं आणि रान आम्हीच करणार म्हणून सांगून टाकलं.

सगुणानं सीटवर बसून पट्टा लावला. भाकरीचं गाठोडं घेऊन हौसाबाई पुढे झाल्या आणि बायका वर्षानुवर्षं जशा चढतात तशा पायठणीवर पाय देऊन मडगार्डवर बसायला निघाल्या.

"आत्याबाई, खाली उतरा."

"का गं?"

"कमान एकाच मानसाची हाय. पट्टा बी एकच हाय. मडगार्डावर कुनी बसायचं न्हाई."

माझ्या घरच्या ट्रॅक्टरवरनं मलाच उतरवती व्हय, म्हणून हौसाबाईंनी तिचा उद्धार केला. माहेरापासून सुरुवात केली. सगुणा हात जोडून बसून राहिली, पण इंजिन काही चालू करेना. शेवटी म्हातारी उतरली. उतरताना तिनं सुनेच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला, एकदा, दोनदा, आणि म्हणाली, "हो फुडं."

ट्रॅक्टर चढाला लागला. मला सणाचं घरी जायचं होतं, पण मी हौसाबाईंच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि त्यांच्याबरोबर चालायला लागलो. अर्ध्या चढावर त्या म्हणाल्या, "हूड करायला तुझ्याकडं चार दीस येत व्हता त्यो. काय बोलायचा, सांग की. माझ्यापाशी तर कामाबिगर बोलायचा न्हाई."

मला एकेक आठवत गेलं. हूडाला झालर कुठल्या रंगाची लावायची ह्यावरून तो माझ्याशी तासभर भांडला होता. मी हिरवी म्हणत होतो. त्याला जांभळीच हवी होती, कारण सगुणाचं एक जांभळं लुगडं होतं आणि ते तिला शोभतं असं तो मला, एका वेल्डिंगवाल्याला, लाजत लाजत सांगत होता. हौसाबाई थांबल्या, कमरेवर हात ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, जांभळं न्हवं ते, वांगी रंगाचं, त्येला रंगातलं कधी कळलं न्हाई. मग पुढचं सांग म्हणाल्या. मी सांगत राहिलो. त्या पाडव्याला आज चौदा वर्षं झाली. उत्तम गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्याचं नाव तेव्हा मी पहिल्यांदाच मोठ्यानं घेत होतो, आणि वर पठारावर सगुणानं नांगर खाली सोडल्याचा आवाज येत होता.